नरक्याचं सलाईन

लीड्स, इंग्लंड
१० जून २००१

दादा,

आई जेवली का ते आधी विचार आणि मगच हे वाचायला बस. नेहमीसारखं मोठ्यानं वाच. वहिनीलाही बाहेर बोलाव, नाहीतर मागाहून तिला अर्धंच कळतं आणि ती माझ्यावर रुसते.

आमचं चित्र आलं! दीड वर्ष ज्याच्यामागे होते ते. तू दरवेळी विचारतोस, 'तू तिकडं नेमकं करतीस काय?' तर ऐक. विहिरीवरच्या सोलाला, त्या जाड दोराला, पीळ बसला की बाबा तो कसा झटकून सोडवायचे, आठवतं? आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत असाच एक लांबलचक दोरा असतो. त्यालाही पीळ बसतो. तो सोडवायला एक एन्झाइम, म्हणजे पेशीतला कामगार समज, दोरा कापतो, पीळ मोकळा करतो आणि पुन्हा जोडतो. परवा पुण्याला आईला जे नवीन सलाईन लावलं, त्यातलं औषध नेमकं कापण्या-जोडण्याच्या मधे येऊन बसतं. दोरा कापलेलाच राहतो, कापणारा त्याला चिकटून बसतो, आणि आईच्या पोटातल्या गाठीतली पेशी मरते.

पण पेशीकडे दुसराही एक एन्झाइम असतो, दुरुस्तीवाला. तो येतो आणि त्या चिकटलेल्याला सोडवतो. औषधानं केलेलं काम हा पठ्ठ्या मोडून ठेवतो. म्हणून आम्हाला ह्याचे हात बघायचे होते. काम करताना तो क्षणभरही थांबत नाही, म्हणून त्याला फसवावं लागतं. व्हॅनेडियम नावाचा धातू असतो, त्याचं मीठ आम्ही त्याच्यापुढे ठेवलं. तो बापडा ते आपलंच काम समजून धरतो आणि मग त्याला ते सोडवत नाही. तसाच अडकलेला असताना त्याचा स्फटिक करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि हिशेबानं चित्र काढायचं. दोन हात, मधोमध धातू. मी बघतच राहिले रे.

सरांनी मात्र तीन आठवडे कुणाला बोलू दिलं नाही. आमच्या कामात पहिला नियम संशयाचा. मधला ठिपका खरंच धातूचा आहे, की तुम्हाला हवा म्हणून तिथं दिसतोय, हे पुन्हापुन्हा विचारायचं.

आता खरी गंमत सांगते. आईचं सलाईन ज्या झाडापासून बनतं ते झाड कोणतं असेल? आपला नरक्या! तळेघरला आईच्या माहेरी, बनाई देवीच्या राखीव बनात, पान चोळलं की घाण वास येतो तोच. आईला म्हणावं, तुझ्या माहेरचं झाड तुला बरं करायला पुण्याच्या दवाखान्यात येऊन बसलंय.

शिमग्यात ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर तू झोपलास, त्याचं ऋण माझ्या डोक्यावर आहे. सलाईनसाठी नेता-आणताना मात्र गाडी कर, एसटीचे हाल नकोत.

वृषाली

---

शिनोली
२४ जून २००१

वृषे,

झालं का समाधान? तुझ्या एका पत्रानं घरात चूल पेटंना झालीय.

तू सांगितलं तसं मोठ्यानं वाचलं. आई पडल्या पडल्या हसत व्हती. दुरुस्तीवाल्याचं ऐकून म्हणाली, 'भला माणूस दिसतोय, त्याला कशाला फसवायचं?' मग नरक्या आला. आईचं हसू गेलं. मला म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग तोंड भिंतीकडं केलं ते संध्याकाळपर्यंत.

तुला इंग्रजी लई आलं, पर घरचं इसरलीस. बनाईच्या बनातली वाळकी काटकीसुदा कुणी उचलत न्हाई. आईच्या मामाच्या घरात पावसाळ्यात चूल इझली तरी बनाशेजारी ऱ्हाऊन त्यांनी कधी तिथलं लाकूड आणलं न्हाई. आणि तुला ठावं न्हाई, मी सांगितलं नव्हतं, यंदा शिमग्याच्या मागंपुढं कुणीतरी बनात शिरून नरक्याची झाडं तोडून नेलीत. रात्रीतून गाडी भरली. नुसती बुंधं उरल्याती. तळेघरचे लोक एकमेकांकडं वाकड्या डोळ्यानं बघत्यात. कुणाच्या दारी जीप थांबली, कुणाकडं नवा पत्रा आला, सगळ्याची चौकशी.

आता आई म्हणती, 'देवीचं चोरलेलं झाड माझ्या अंगात घालतायसा? मला न्हाई पायजे.' पुढचं सलाईन या गुरवारी व्हतं. मी, तुझी वहिनी, शेजारची सरूबाई, सगळ्यांनी हातापाया पडून बघितलं. आई जागची उठली न्हाई. डॉक्टर म्हणत्यात, मधे खंड पडला तर गाठ पुन्हा डोकं वर काढील.

आणि आता मलाच एक इचारायचंय. रागावू नको. दोन वर्सांमागं दिवाळीत तू आलीस, तवा क्यामेरा घिऊन बनात कशाला गेली व्हतीस? बहिरूमामा बनाईचा भगत, त्याला तू तासभर नरक्याचं इचारत बसलीस. लोक इसरलं न्हाईत. तळेघरचा भिका परवा तोंडावर म्हणाला, 'तुमची बहीण बघून गेली आणि मागनं गाडी आली.' मी त्याची गचांडी धरली. पर घरी येताना माझ्या डोक्यात तेच. तू तिकडच्या सायबांना काय सांगितलंस का? खरं काय ते लिही.

गोरख

---

लीड्स
४ जुलै २००१

दादा,

भिकाची गचांडी धरलीस आणि घरी येऊन तोच प्रश्न मला विचारलास. वा रे भाऊ!

मी बनात गेले ते फोटो काढायला. तेव्हा मला ह्या औषधाचं नावही माहीत नव्हतं, आपल्या डोंगरात वाढणाऱ्या झाडाला एवढं घाण नाव का पडलं ह्याची फक्त उत्सुकता होती. आमची लॅब लाकूड घेत नाही की औषधही बनवत नाही. आम्ही फक्त त्या दुरुस्तीवाल्याचा आकार बघतो. माझ्या कपाळावर गाडीचा नंबर लिहिलाय का?

आईला सांग, नरक्या काही एकट्या बनाईच्या बनात नाही. कोकणापासून खाली कर्नाटकापर्यंत आहे. त्या बाटलीतलं लाकूड कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तिला समजव. दरडाव. ती तुझं ऐकते, माझं नाही. एक सलाईन बुडालंय. दुसरं बुडालं तर मी इथं बसून चित्रं बघत राहायची का? मला रात्री झोप नाही, दादा. आई जगायला हवी, बाकी कशाशी मला देणंघेणं नाही.

आता माझा प्रश्न. तुझा राग यायच्या आधी पूर्ण वाच.

टीनाची ई-मेल आली. घोडेगावच्या रमणलाल शेठजींची टीना, माझ्या वर्गातली. तिनं मनात काही ठेवून लिहिलं नाही, सहज लिहिलं. गेल्या महिन्यात भर पावसात तुझा टेम्पो त्यांच्या हिरड्याच्या गोदामापाशी थांबला. मागं हिरड्याची पोती आणि त्यावर ताडपत्री घट्ट बांधलेली. आतून असा वास येत होता की तिनं पदर नाकाला लावला. तिनं ताडपत्रीचं टोक उचलायला हात घातला तर तू तिच्यावर खेकसलास. तू! पोरीबाळींशी कधी चढ्या आवाजात न बोलणारा. ती बिचारी अजून विचारते, 'गोरखभाऊ माझ्यावर का चिडले?'

ताडपत्रीखाली काय होतं, दादा? हिरड्याला तसला वास येत नाही. घाण वास कशाला येतो ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. आणि आई औषध नको म्हणते, ते तिचं तीच म्हणते, की घरात कुणाला त्या झाडाचं नाव निघायलाच नको आहे?

वृषाली

---

शिनोली
१९ जुलै २००१

वृषाली,

तुझं पत्र ह्यावेळी मोठ्यानं वाचलं न्हाई. रानात नेऊन वाचलं. आईला सांगितलं, वृषी बरी हाय, थंडी हाय म्हणती.

ताडपत्रीखाली काय व्हतं ते मी सांगणार न्हाई. मला कुणाची शपत हाय. तुला काय समजायचं ते समज. टीनाची माझ्या वतीनं माफी माग, पोर चांगली हाय.

आईला दरडावून बघितलं. कर्नाटकाचंबी सांगितलं. म्हणाली, 'मग बनाईलाच इचारू. ती घे म्हणाली तर घेते.' मंगळवारी तिला तळेघरला नेलं. रस्त्यापासून बनापर्यंत मी आणि भिकानं खुर्चीवर बसवून उचलून नेली. धुकं असं की पुढचा माणूस दिसंना. आईचं माहेर सगळं गोळा झालं व्हतं. बहिरूमामानं देवीच्या उजव्या-डाव्या खांद्यावर दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. इचारलं, 'साळूनं औषध घ्यावं का?' आमी उभं. घटका झाली, दुसरी झाली, कळी हालंना. ना उजवी ना डावी.

मामा म्हणाला, देवी बोलायची न्हाई. बनाचा जुना रिवाज हाय. बनातलं कुणी काय नेलं तर ज्यानं नेलं त्यानं देवीपुढं उभं ऱ्हाऊन आपल्या तोंडानं सांगायचं. सांगितलं की घेतलेलं चोरीचं ऱ्हात न्हाई, देवीनं दिलेलं व्हतं, ती ते पदरात घालती. त्या माणसानं मात्र पुढं बनात पाय ठेवायचा न्हाई आणि देवीच्या जेवणावळीत त्याचं पान मांडायचं न्हाई. मामानं तीनदा हाळी दिली, 'कुणी नेलं त्यानं पुढं या.' कुणी आलं न्हाई. चोर तिथं असंल तर येईल ना! बाहेरगावचे ठेकेदार रातोरात येऊन गेले, ते काय कौलाला येणार?

आई म्हणाली, 'बघ, चोरीचंच हाय. चल घरी.' वाटंत तिला मळमळ झाली. आता जेवण दोन घासांवर आलंय.

धातूवर संशय घे, बये, तुझं काम हाय ते. भावावर कशाला घेतीस?

गोरख

---

लीड्स
२८ जुलै २००१

दादा,

तू 'नाही' असं कुठंच लिहिलं नाहीस. चार वेळा वाचलं. मी विचारलं ताडपत्रीखाली काय होतं, तू म्हणालास सांगणार नाही. मी विचारलं आई का नको म्हणते, तू मला कळ्यांची गोष्ट सांगितलीस. ज्याच्या हातून काही झालेलं नसतं तो पहिल्या ओळीत ओरडतो, 'मी नाही केलं.' तू मात्र शपथ सांगतोस.

मी तुला शिव्या देणार नाही. हिरडा वाहून कुणाचं भागलंय? कुणी येऊन म्हणालं असेल, चार झाडं आहेत, रातच्याला टेम्पो आण. तुला कुठं माहीत होतं की तेच झाड उद्या आईच्या शिरेत जायचं आहे. मला सगळं दिसतंय.

माझं एवढंच मागणं आहे. तू नेलं असशील तर त्या बनाईपुढे जाऊन उभा राहा आणि सांग. मला कळ्याबिळ्या पटत नाहीत, पण आईला पटतात, आणि गाठ आईच्या पोटात आहे. जेवणावळीतलं पान गेलं तर गेलं. आईपेक्षा मोठं आहे का ते? आता दोन सलाईनं बुडाली. मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, पण फार नाही.

उभा राहा, दादा. पाया पडते.

वृषाली

---

शिनोली
१४ ऑगस्ट २००१

वृषाली,

उभा ऱ्हायलो.

मागल्या मंगळवारी आईला पुन्हा वर नेली. तिला म्हणालो, एकदाच चल, ह्यावेळी नक्की कायतरी व्हईल. मामानं हाळी दिली. मी टोपी काढली, पुढं गेलो, आणि म्हणालो, शिमग्याच्या वक्ताला मी नेली झाडं. चार व्हती. टेम्पोत घातली. बास, एवढंच बोललो. मामा लई येळ माझ्याकडं बघत ऱ्हायला. मग आईकडं बघितलं. मग नव्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली. पटकन पडली, इचारायच्या आत.

भिका माझ्या पायाकडं बघत व्हता. कुणी शिवी दिली न्हाई, कुणी हातबी उगारला न्हाई. उतरताना खुर्चीची दुसरी बाजू कुणी धरायची ह्यो प्रश्न आला. मला पुन्हा बनात पाय ठेवायचा नव्हता, मी बाहेर येऊन कडेला थांबलो, भिकानं आणि त्याच्या भावानं आईला माझ्यापर्यंत आणून दिली.

शुक्रवारी आईनं सलाईन घेतलं. सूड घेतल्यासारखी बाटलीकडं बघत व्हती, पर घेतलं. लई वकली. घरी आल्यावर पेज मागितली. तुझी वहिनी पेज करता करता रडत व्हती.

तुझ्या मनासारखं झालं. आता मला बाकीचं काय इचारू नको. जे सांगायचं ते देवीपुढं सांगून झालंय.

गोरख

---

लीड्स
२७ ऑगस्ट २००१

दादा,

आईनं औषध घेतलं हे वाचून मी लॅबच्या जिन्यात बसून रडले. देव तुझं भलं करो, एवढं म्हणते आणि पुढचं लिहिते.

मला वाटलंच होतं. तरीही तुझ्या अक्षरात 'मी नेली झाडं' वाचलं तेव्हा पत्र घडी घालून ठेवलं आणि पुन्हा उघडून वाचलं. कुठंतरी वाटत होतं की तू मला खोटं पाडशील.

आता पुढचं. तू एकटा नव्हतास. झाडं तोडणारे कोण, गाडी कुणाची, माल कुठं उतरला? फोनवर मी विचारलं तर तू म्हणालास, 'मला ठावं न्हाई.' कसं ठाऊक नाही? टेम्पो आपोआप चालत गेला? तू त्यांना पाठीशी घालतोयस. टीना म्हणते, अजूनही वरच्या वाड्यांमधून पोती उतरतात. बनात उरलेली झाडं आहेत, आणि इतरही बनं आहेत. आईला वाचवण्यासाठी तू तोंड उघडलंस, त्या झाडांना वाचवण्यासाठी उघडणार नाहीस.

म्हणून मी वनखात्याच्या साहेबांना पत्र लिहिलंय. तुझं नाव, टेम्पोचा नंबर, शिमग्याचा महिना. खाली माझी सही केली आहे, निनावी नाही. ते विचारायला आले की बाकीच्यांची नावं सांग, म्हणजे तुझी सुटका होईल. मी तुझ्यावर उलटले असं समजू नकोस. मला दुसरा मार्ग दिसला नाही.

तू उत्तर लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे. आईची तब्येत तेवढी वहिनीकडून कळव.

वृषाली

---

शिनोली
२२ नोव्हेंबर २००१

वृषाली,

मी तुझी आई साळूबाई सांगते, तुझी वहिनी लिहिती. गोरख एसटीनं घोडेगावला गेलाय, तो यायच्या आत सगळं सांगून घेते. मधे मधे दम लागतो, तवा वहिनी थांबती.

दिवाळीच्या सणात तुझा फोन आला, तू मला इचारलं, 'दादा बोलतो का गं तुझ्याशी?' मी म्हणाले, बोलतो. तू म्हणालीस, 'त्यानं केलं ते केलं, तू मनाला लावून घेऊ नको.' त्या दिवशी मला कळलं की तुझा ह्याच्यावर खराच संशय हाय. तोवर मला वाटत व्हतं, तूबी आमच्यासारखीच गप ऱ्हायलीस. ताडपत्रीचं मला काल वहिनीनं सांगितलं. तुझी सगळी पत्रं तिला वाचायला लावली.

पोरी, ताडपत्रीखाली मी व्हते.

पहिलं सलाईन झालं त्या दिवशी गोरखनं जीप आणली व्हती. मला बसवंना. पाठ टेकायला पायजे व्हती. मग त्यानं टेम्पो आणला, पोत्यांवर गादी टाकली, मला आडवी केली आणि पावसाचं म्हणून वर ताडपत्री बांधली. पुण्यापासनं मी वकत आले. लुगडं खराब झालं व्हतं, सगळं अंग घाण. घोडेगावात शेठजींच्या गोदामाशी तो पाणी मागायला थांबला. त्या पोरीनं हात घातला तवा मीच आतून म्हणाले, 'गोरख, मला असं कुणाला दावू नको.' तवा तो खेकसला. आणि वाटंत मी त्याला शपत घातली, तुला कधी सांगायचं न्हाई. तू आधीच फोनवर गाडी कर म्हणाली व्हतीस, तुला वाटलं असतं ह्यानं आईला पोत्यावर टाकून आणली.

शिमग्यात झाडं गेली. शिमग्यात मी दवाखान्यात पोट फाडून पडले व्हते. गोरख महिनाभर बाकावर. तूच होळीच्या दिवशी वॉर्डात फोन केलास आणि तोच बोलला तुझ्याशी. तुझ्या पयल्या पत्रात तूच लिहिलंयस ते, काल वहिनीनं वाचलं तवा मी दोनदा वाचायला लावलं. माझं सगळं माहेर मला बघायला पुण्याला येऊन गेलं व्हतं. बहिरू आला, भिका आला. गोरखनं त्यांना खाली नेऊन चहा पाजला.

मग सांग, बनाईपुढं तो 'मी नेली' म्हणाला तवा तिथं कोण फसलं असंल? एकबी माणूस न्हाई. सगळ्यांना ठावं व्हतं ह्यो खोटं बोलतोय. भिकाच्या डोळ्यात पाणी आलं, तो खाली बघत ऱ्हायला. बहिरूनं माझ्याकडं बघितलं. मी 'थांब' म्हणाले असते तर तो थांबला असता. मी मान खाली घातली. मला जगायचं व्हतं, वृषे. नातवाचं लगीन बघायचं व्हतं, तुला एकदा बघायचं व्हतं. पोटच्या पोरानं चोर व्हऊन मला औषध दिलं आणि मी घेतलं.

तळेघरात सगळ्यांना कळलं, शिनोलीत सगळ्यांना कळलं. तुला तेवढं न्हाई कळलं.

सप्टेंबरात वनखात्याची माणसं आली. त्यांच्याकडं तुझं पत्र व्हतं, खाली सही, पर ते तुझं हे मला काल वहिनीनं पत्रं वाचली तवा कळलं. साहेब भला माणूस व्हता, त्यानं इचारलं, 'हे खरं हाय का?' मी आत पडलेली, दार उघडं. गोरखनं एकदा दाराकडं बघितलं आणि म्हणाला, 'लिहिणाऱ्यानं खरं लिहिलंय.' न्हाई म्हणाला असता तर मला ऐकू गेलं असतं, आणि मी पुढचं सलाईन घेतलं नसतं, अशी भीती त्याला. दवाखान्यात मी गुंगीतच व्हते असं त्याला वाटतं, मला सगळं ठावं हाय हे त्याला अजून ठावं न्हाई. बाकीच्यांची नावं सांग म्हणाले, तर ह्याला नावं कुठनं यायची? टेम्पो नेला त्यांनी. तवापासनं प्रत्येक सलाईनला तो मला एसटीनं नेतो, मांडीवर डोकं ठेवून, हातात डबा धरून. केस उभी ऱ्हाणार म्हणत्यात. तुझ्याबद्दल वंगाळ शब्द काढला न्हाई. वहिनीनं काढला, तर तिला म्हणाला, 'तिला आईची काळजी. आंधळ्या काळजीपुढं कोण काय करणार.'

(हे मी माझ्या मनानं लिहीत नाही, वन्सं. ते असंच म्हणाले. मी असते तर असं म्हणाले नसते.)

शेवटचं सलाईन झालं. डॉक्टर म्हणाले, गाठ लई बारीक झाली, आता तीन महिन्यांनी या. तुझ्या त्या नरक्यानं काम केलं म्हण.

आता माझं ऐक. औषध संपलंय. मला त्याचं खोटं आता लागत न्हाई. येत्या रविवारी मी तळेघरला जाणार. गोरखला सांगितलं, माहेरी जाऊन येते, भिका न्यायला येईल. बनात जाऊन बनाईपुढं उभी ऱ्हाणार आणि सगळ्यांच्या देखत सांगणार, माझ्या लेकानं काटकीसुदा उचललेली न्हाई. मग त्याचं बन त्याला मिळंल, त्याचं पान मिळंल. बहिरू मला समजावतोय, म्हणतो, 'साळू, त्याचा शब्द खोटा ठरला तर दिलेलं पुन्हा चोरीचं व्हतंय, अंगातलं औषध देवी काढून घेईल.' घेऊ दे. लई वर्सं काढली मी. पोराला चोर ठेवून आणखी काढायची न्हाईत.

तुला हे पटत न्हाई, मला ठावं हाय. तू म्हणशील, कळीनं कुठं गाठ वाढती का. न्हाई वाढली तर बरंच हाय. पर मी भीत भीतच जाणार, ते मी तुझ्यापासनं लपवत न्हाई.

तू वनखात्याच्या साहेबांना दुसरं पत्र लिही. होळीला तू फोन केला आणि गोरख दवाखान्यात व्हता, एवढं लिही. सही कर पयल्यासारखी. आणि मग भावाला लिही. काय लिहायचं ते मी सांगणार न्हाई.

हे पत्र तुला पोचायला आठ-दहा दिवस लागतील. तवर मी बनाईपुढं जाऊन आलेली असन. मला अडवायला फोन करू नको.

तुझी आई
साळूबाई